अंगाला चिकटलेला धागा: बॉक्स जेलीफिशचा डंख नेमका कसा होतो

ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या उत्तर किनाऱ्यावरचे जीवरक्षक एके काळी पाण्यात उतरण्याआधी बायकांचे कमरेपर्यंत येणारे पातळ नायलॉनचे मोजे चढवायचे. एक जोडी पायांत आणि दुसरी जोडी मध्ये कापून डोक्यावरून, म्हणजे हात आणि छातीही झाकली जायची. समोर जो प्राणी होता, त्याच्या स्पर्शाने धडधाकट माणूस पाच मिनिटांच्या आत जाऊ शकतो. अशा प्राण्याला नखाने फाटेल इतकं पातळ कापड कसं काय अडवतं?

कारण बॉक्स जेलीफिशचा डंख विंचवाच्या नांगीसारखा एकच मोठा काटा नसतो. ते लाखो सूक्ष्म काटे असतात. प्रत्येक काट्याचा चाप वेगळा असतो आणि प्रत्येकाची पोच मिलिमीटरच्या हिशेबातली असते. त्यामुळे त्वचेच्या आणि त्यांच्या मध्ये पातळसा थर आला तरी बहुतेकांचा नेम वाया जातो.

याच रचनेतून आणखी एक गोष्ट निघते, आणि हा लेख लिहायला बसलो ते मुख्यतः तिच्यासाठी. हे काटे सगळेच्या सगळे एकदम सुटत नाहीत. जेलीफिशचा धागा अंगाला चिकटतो तेव्हा त्यातले थोडेच काटे सुटलेले असतात. बाकीचे भरलेल्या बंदुकीसारखे तसेच त्वचेवर बसून असतात. पुढच्या एक-दोन मिनिटांत त्या माणसाच्या आजूबाजूचे लोक काय करतात, यावर त्यातले किती सुटणार हे ठरतं. घाबरून केलेली साधीशी कृती, म्हणजे हाताने धागा ओरबाडून काढणं किंवा वाळूने जागा घासणं, ही अनेकदा दुसऱ्या डंखाची सुरुवात असते.

या प्राण्याचं शास्त्रीय नाव कायरोनेक्स फ्लेकेरी. बॉक्स जेलीफिश म्हणजे चौकोनी घंटेच्या जेलीफिशचा एक स्वतंत्र वर्ग आहे आणि त्यात पन्नासच्या आसपास जाती आहेत. त्यांतली बरीचशी माणसाला फारशी इजा करत नाहीत. कायरोनेक्स फ्लेकेरी मात्र आकाराने सगळ्यांत मोठ्यांपैकी आणि विषाने सगळ्यांत घातक मानली जाते. तिचं घर उत्तर ऑस्ट्रेलियाचा किनारा. पश्चिमेला एक्समाउथपासून वर डार्विनला वळसा घालून पूर्वेला ग्लॅडस्टनच्या आसपासपर्यंत. तिथले लोक तिला 'सी वास्प', म्हणजे समुद्रातली गांधीलमाशी, असंही म्हणतात आणि रोजच्या बोलण्यात नुसतं 'स्टिंगर'. ओकिनावा, फिलिपिन्स आणि थायलंडच्या पाण्यात तिच्या सख्ख्या बहिणी सापडतात.

मोठ्या कायरोनेक्सची घंटा तीस सेंटिमीटरपर्यंत रुंद असते, पण ती इतकी पारदर्शक असते की पाण्यात दिसतच नाही. घंटेच्या चार कोपऱ्यांतून चार पंजे खाली येतात, आणि प्रत्येक पंजाला पंधरापर्यंत लांब धागे. शाळेच्या जीवशास्त्रात यांना शुंडकं म्हणतात. मी इथे धागेच म्हणतो. पोहताना ती हे धागे आखडून घेते. शिकारीला बसली की तेच धागे सैल सोडते, आणि तेव्हा एकेक धागा तीन मीटरपर्यंत लांबतो. साठ धागे, प्रत्येकी तीन मीटर. एकाच प्राण्याने गढूळ पाण्यात दीडशे मीटरहून जास्त लांबीचा विषारी दोर पसरून ठेवलेला असतो.

या प्राण्याची ओळख पटायला फार उशीर झाला. उत्तर ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर पोहणारी माणसं अचानक किंचाळून कोसळतात आणि काही मिनिटांत मरतात, याच्या नोंदी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून आहेत. पण दोष जायचा तो निळ्या फुग्यासारख्या तरंगणाऱ्या फायसेलियावर, म्हणजे ज्याला ऑस्ट्रेलियात ब्लूबॉटल म्हणतात त्याच्यावर. त्याचा डंखही झोंबणारा असतो आणि तो डोळ्यांना दिसतो. खरी मारेकरी दिसतच नव्हती.

उत्तर क्वीन्सलँडमधल्या केर्न्स शहरातले डॉक्टर ह्यूगो फ्लेकर यांना हे पटत नव्हतं. ते निसर्गाचेही अभ्यासक होते आणि समुद्रातल्या डंखांच्या नोंदी वर्षानुवर्षं गोळा करत होते. २० जानेवारी १९५५ रोजी कार्डवेल गावाच्या किनाऱ्यावर उथळ पाण्यात एका पाच वर्षांच्या मुलाला डंख झाला आणि तो गेला. फ्लेकर यांच्या सांगण्यावरून पोलिसांनी त्याच जागी पाण्यात जाळी ओढली. जाळीत तीन प्रकारच्या जेलीफिश आल्या. त्यातली एक चौकोनी घंटेची होती, कोपऱ्याकोपऱ्यांतून धाग्यांचे जुडगे लोंबणारी, आणि कुणालाच ओळखता न येणारी. फ्लेकर यांनी ती ॲडलेडला रोनाल्ड साउथकॉट यांच्याकडे पाठवली. तेही डॉक्टर आणि प्राणिशास्त्राचे जाणकार. ही जात नवीन आहे हे त्यांच्या लक्षात आलं आणि १९५६ मध्ये त्यांनी तिला नाव दिलं. ग्रीकमध्ये 'कायरो' म्हणजे हात, लॅटिनमध्ये 'नेक्स' म्हणजे हत्या, आणि पुढे फ्लेकर यांचं नाव. पुढच्याच वर्षी फ्लेकर वारले. ज्या चिकाटीने त्यांनी पोलिसांना पाण्यात उतरवलं, त्याबद्दल मला त्यांचं फार मोठेपण वाटतं. कारण कुठला प्राणी मारतो हेच माहीत नसेल, तर उपचार शोधायचा तरी कशावर?

जेलीफिश म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर लाटेबरोबर वाहत जाणारा लिबलिबीत गोळा येतो. बॉक्स जेलीफिश तशी नाही. ती पोहते, वळते, अडथळा टाळते. तिला डोळे आहेत आणि तेही चोवीस. घंटेच्या चार बाजूंना चार छोट्या खोबणी असतात आणि प्रत्येक खोबणीत देठावर लोंबणारा सहा डोळ्यांचा एक झुपका. सहांतले चार डोळे साधे असतात, फक्त उजेड-अंधार ओळखणारे. उरलेल्या दोघांना आपल्यासारखं भिंग असतं. झुपक्याच्या टोकाला एक जड स्फटिक असतो. त्यामुळे प्राणी कसाही उलटापालटा झाला तरी झुपका ओळंब्यासारखा सरळच लटकतो आणि त्यातला एक डोळा कायम वर, पाण्याच्या पृष्ठभागाकडे बघत राहतो.

कॅरिबियन समुद्रातल्या खारफुटीत राहणाऱ्या एका छोट्या बॉक्स जेलीफिशच्या डोळ्यांचा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. तिच्या भिंगातून चांगलं रेखीव चित्र तयार होतं, पण ते जिथे पडायला हवं त्याच्या अलीकडेच पडदा आहे. त्यामुळे तिला सगळं धूसर दिसतं. अभ्यासकांनी याचा अर्थ असा लावला की तिला नेमकं तेवढंच हवं आहे. पाण्यात तरंगणारे बारीक कण धूसरपणात विरून जातात आणि मोठी, ठळक वस्तू तेवढी उरते. कायरोनेक्सही पाण्यातल्या काळ्या खांबासारख्या वस्तूंना वळसा घालून जाते. माणूस तिच्या दृष्टीने असाच एक मोठा अडथळा. वेळ मिळाला तर ती आपल्यापासून दूरच जाते. म्हणून तिथल्या किनाऱ्यांवर पाण्यात धावत किंवा सूर मारत शिरू नका, सावकाश चालत उतरा, असं सांगतात. पळत पाण्यात शिरणारं मूल आणि आखूड झालेले साठ धागे यांची गाठ पडते ती अशाच एका क्षणी.

तिच्या दिवसाचीही एक लय आहे. केर्न्सच्या जेम्स कुक विद्यापीठातल्या जेमी सेमूर आणि सहकाऱ्यांनी कायरोनेक्सच्या घंटेला छोटे ध्वनिप्रक्षेपक चिकटवून त्यांचा माग काढला. २००४ मध्ये त्यांनी जे मांडलं त्यानुसार सकाळी सहा ते दुपारी तीनपर्यंत या जेलीफिश तासाला सरासरी दोनशे मीटरहून जास्त अंतर सरळ कापत होत्या. दुपारी तीननंतर दुसऱ्या दिवशी पहाटेपर्यंत तासाला दहा मीटरही नाही. त्या जवळजवळ तळाशी बसून असायच्या. याला झोप म्हणायचं का, यावर वाद आहे. पण डोळ्यांनी शिकार करणारा प्राणी अंधारात दमाने घेतो, हे समजण्यासारखं आहे.

आता विषाकडे. एवढं जालीम विष तिला हवं कशाला? माणूस तिचा शत्रू नाही आणि खाद्यही नाही. लहानपणी ती बारीक कोळंबी खाते आणि मोठी झाली की मासे. वाढत्या वयाबरोबर तिच्या धाग्यांवरच्या काट्यांच्या प्रकारांचं प्रमाणही बदलतं आणि माशांना मारणारे काटे वाढतात. आता तिच्या शरीराची कल्पना करा. बहुतांश पाणी, आणि बाकी ओल्या जिलेटिनसारखं काहीतरी. अशा शरीराच्या प्राण्याने फडफडणारा मासा धरला आणि तो अर्धा मिनिट जरी तडफडला, तरी तिचे धागे तुटतील, घंटा फाटेल. शिकार पहिल्याच क्षणी निपचित व्हायला हवी. माशासाठी तयार झालेला तो वेग आणि ती ताकद आपल्या त्वचेवर येऊन आदळते.

ती येते कशी, हे जरा जवळून बघू. धाग्याच्या पृष्ठभागावर दंशपेशींचे पट्टे असतात. प्रत्येक दंशपेशीच्या पोटात एक कुपी असते, डोळ्यांना न दिसणारी, मिलिमीटरच्या अगदी छोट्या भागाएवढी. कुपीची भिंत कोलॅजनसारख्या चिवट प्रथिनांची विणलेली असते. आत एक अतिबारीक नळी वेटोळी घालून ठेवलेली असते आणि ती आतून बाहेर अशी उलटलेली असते, जसं रबरी हातमोज्याचं बोट आत वळवून ठेवावं. नळीभोवती विष. कुपीतल्या द्रवात असे रेणू ठासून भरलेले असतात की बाहेरचं पाणी सतत आत घुसायला बघतं. त्यामुळे आतला दाब प्रचंड वाढतो. गोड्या पाण्यातल्या हायड्रा या नातेवाइकामध्ये तो दीडशे वातावरणांइतका असल्याचं मोजलेलं आहे. मोटारीच्या टायरमध्ये तो दोन-तीन असतो.

कुपीच्या तोंडाशी केसासारखा एक खटका असतो. त्याला स्पर्श झाला आणि सोबत त्वचेवरच्या किंवा माशाच्या अंगावरच्या रसायनांचा इशारा मिळाला, की झाकण उघडतं. मग तो दाब एका दिशेने बाहेर पडतो आणि आत वळवलेली नळी उलटून बाणासारखी पुढे झेपावते. २००६ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी हायड्राच्या कुपीचं अतिवेगवान कॅमेऱ्याने चित्रण केलं. काटा सुटायला लागलेला वेळ सुमारे सातशे नॅनोसेकंद होता, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागापेक्षाही कमी. काट्याच्या टोकाचा प्रवेग गुरुत्वाकर्षणाच्या पन्नास लाख पटींहून अधिक निघाला. सजीवांच्या जगात याहून जलद हालचाली अगदी थोड्या सापडतील. आपण हात मागे घ्यायचा विचार करेपर्यंत सगळं संपलेलं असतं.

यात कुठेही मेंदूचा हुकूम लागत नाही. जेलीफिशला मेंदू असा नसतोच, आणि दंशपेशीला चाप ओढण्यासाठी मालकाची परवानगी लागत नाही. म्हणूनच तुटून पाण्यात वाहत आलेला धाग्याचा तुकडाही डंख करतो. वाळूवर येऊन पडलेली, मेलेली जेलीफिशही करते. अंगावर चिकटलेला धागा मुख्य शरीरापासून कधीच सुटलेला असतो, पण त्याच्यावरच्या कुप्या अजून जिवंत आणि भरलेल्या असतात.

कायरोनेक्सचा डंख त्वचेवर सहज ओळखू येतो. चाबकाचे फटके बसावेत तसे लालसर-जांभळे पट्टे उठतात, सहा-सात मिलिमीटर रुंदीचे. नीट पाहिलं तर पट्ट्यावर आडव्या रेषा दिसतात, शिडीच्या पायऱ्यांसारख्या. त्या रेषा म्हणजे धाग्यावरच्या दंशपेशींच्या पट्ट्यांचा ठसा. बऱ्याचदा त्यावर धुक्यासारखी पांढुरकी झाक असते आणि वर धाग्याचे चिकट, अर्धपारदर्शक तुकडे तसेच चिकटून असतात. वेदना लगेच सुरू होते आणि मिनिटागणिक वाढत जाते. मोठी माणसंही किंचाळत किनाऱ्याकडे धावतात. पुढे त्या पट्ट्यांची त्वचा मरते आणि व्रण अनेकदा कायमचे राहतात.

विषाचं मुख्य काम भोकं पाडण्याचं. त्यात अशी प्रथिनं असतात जी पेशीच्या आवरणात घुसून एकत्र येतात आणि तिथे कडी जोडल्यासारखं एक छिद्र बनवतात. तांबड्या रक्तपेशींना अशी छिद्रं पडली की आतलं पोटॅशियम रक्तात गळायला लागतं. रक्तातलं पोटॅशियम एकाएकी वाढलं की हृदयाचे ठोके विस्कटतात आणि हृदय थांबू शकतं. हवाई विद्यापीठातल्या अँजेल यानागिहारा आणि राल्फ शोहेट यांनी २०१२ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून हा मार्ग दाखवला. हृदयाच्या स्नायूंवर थेट परिणामही होतो. एकदा का मोठ्या प्रमाणात विष शरीरात गेलं, की सगळा खेळ मिनिटांचा असतो. म्हणून या डंखात रुग्णालय गाठणं ही पहिली पायरी होऊच शकत नाही. पहिली पायरी किनाऱ्यावरच, तिथल्या माणसांच्या हातांनी घडते.

किती धागा लागला, यावर बरंच अवलंबून आहे. प्रत्येक डंख जीव घेत नाही, आणि हे मुद्दाम सांगायला हवं, कारण 'जगातला सगळ्यांत विषारी प्राणी' असं ऐकून लोकांचं डोकंच चालेनासं होतं. डार्विनच्या डॉक्टरांनी १९९१ ते २००४ या काळातल्या जेलीफिशच्या डंखांचा बारकाईने अभ्यास केला. त्यांतले २२५ डंख कायरोनेक्सचेच असल्याची खात्री पटली. त्यातल्या फक्त आठ टक्के लोकांना रुग्णालयात दाखल करावं लागलं. बहुतेकांची वेदना बर्फाने आटोक्यात आली. मृत्यू एक झाला. तीन वर्षांची मुलगी होती आणि तिच्या अंगाला लागलेला धागा फक्त सव्वा मीटरच्या आसपास होता. मोठ्या माणसाला जे निभावून जाईल, तेच लहान मुलाच्या छोट्या शरीराला निभावत नाही. त्या २२५ मध्ये मुलांचं प्रमाण सदतीस टक्के होतं, आणि त्र्याऐंशी टक्के डंख उथळ पाण्यात झाले होते. उथळ पाणी आहे, गुडघ्याएवढंच आहे, म्हणून पालक जिथे निर्धास्त असतात, नेमकं तिथेच.

उथळ पाण्याचं कारण तिच्या जीवनक्रमात आहे. हंगामाच्या शेवटी प्रौढ जेलीफिश नद्यांच्या मुखांशी प्रजनन करतात आणि मरतात. अंड्यांतून निघालेल्या अळ्या खाडीतल्या दगडांच्या खालच्या बाजूला चिकटतात आणि तिथे मिलिमीटर-दोन मिलिमीटरचे पॉलिप, म्हणजे एका जागी चिकटून राहणारे जीव, होऊन कोरडे महिने काढतात. हे पॉलिप संशोधक बॉब हार्टविक यांनी शोधून काढले, आणि खाडीच्या चिखलात दगड उलटे करकरून ते शोधणं म्हणजे किती कठीण काम असेल! पाणी तापायला लागलं की एकेक पॉलिप पूर्णच्या पूर्ण बदलून एकेक छोटी जेलीफिश बनतो. मग पावसाळ्यात त्या खाडीतून किनाऱ्यालगत येतात. त्यामुळे डार्विनकडे ऑक्टोबर ते मे आणि उत्तर क्वीन्सलँडमध्ये साधारण नोव्हेंबर ते मे असा 'स्टिंगर सीझन' धरतात. हंगामाबाहेरही डंख झालेले आहेत, एवढं ध्यानात ठेवायचं.

या हंगामात अनेक किनाऱ्यांवर पाण्यात मोठी जाळी लावून पोहण्याची जागा बंदिस्त करतात. तिची भोकं अडीच सेंटिमीटरची. मोठी कायरोनेक्स त्यातून येत नाही, पण तुटके धागे येतात, आणि इरुकांजी येते.

इरुकांजीबद्दल थोडक्यात सांगतो. ही बॉक्स जेलीफिशचीच छोटी जात, घंटा बोटाच्या पेराएवढी. केर्न्सच्या उत्तरेच्या किनाऱ्यावरच्या आदिवासी समाजाच्या नावावरून फ्लेकर यांनीच १९५२ मध्ये या विकाराला इरुकांजी हे नाव दिलं. डंख जेमतेम जाणवतो. अर्ध्या तासाने पाठ आणि पोट पिळवटणाऱ्या वेदना, उलट्या, घाम, प्रचंड वाढलेला रक्तदाब आणि आता आपण मरणारच अशी भीती. कुठला प्राणी हे करतो ते शोधायला केर्न्सचे डॉक्टर जॅक बार्न्स यांनी १९६१ मध्ये एक छोटी जेलीफिश पकडली आणि तिचा डंख स्वतःला, नऊ वर्षांच्या आपल्या मुलाला आणि एका तरुण जीवरक्षकाला करून घेतला. तिघेही रुग्णालयात गेले आणि तिघेही वाचले. त्या जातीला पुढे त्यांचं नाव मिळालं. विज्ञानासाठी बापाने मुलाला त्यात ओढावं हे मला आजही पटत नाही, पण कोडं सुटलं ते त्यामुळेच. २००२ मध्ये इरुकांजीमुळे दोन पर्यटकांचे मृत्यू झाल्याची नोंद आहे.

आता पुन्हा त्या अंगाला चिकटलेल्या धाग्याकडे. कित्येक वर्षं ऑस्ट्रेलियात डंखावर मेथिलेटेड स्पिरिट ओतायला सांगायचे. चांगल्या हेतूने, डॉक्टरांच्याच सल्ल्याने. १९८० मध्ये हार्टविक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कायरोनेक्सच्या धाग्यांवर वेगवेगळे द्रव टाकून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. स्पिरिट टाकताच न सुटलेल्या कुप्या धडाधड सुटायला लागल्या. म्हणजे उपचार म्हणून जे ओतत होते, त्याने डंख वाढत होता. व्हिनेगर टाकल्यावर मात्र कुप्या तशाच राहिल्या आणि नंतर काहीही केलं तरी सुटेनात. चार ते सहा टक्के ॲसेटिक ॲसिड असलेलं साधं, स्वयंपाकघरातलं व्हिनेगर!

तेव्हापासून क्रम ठरून गेला. माणसाला पाण्याबाहेर काढायचं आणि मदतीसाठी फोन करायचा, ऑस्ट्रेलियात तो तीन शून्यांचा क्रमांक. त्याला धरून ठेवायचं, कारण वेदनेने तो जागा चोळू पाहतो किंवा परत पाण्याकडे धावतो. डंखाच्या सगळ्या जागेवर निदान तीस सेकंद भरपूर व्हिनेगर ओतायचं. त्यानंतरच धाग्याचे तुकडे काढायचे. वेदनेसाठी थंड पॅक. शुद्ध हरपली आणि श्वास थांबला तर सगळं बाजूला ठेवून लगेच छाती दाबायला सुरुवात करायची, आणि वैद्यकीय मदत येईपर्यंत थांबायचं नाही. या विषात नेटाने सीपीआर देत राहिल्याने परत आलेली माणसं आहेत.

व्हिनेगरने वेदना कमी होत नाही आणि आत गेलेलं विषही बाहेर येत नाही. हे आधीच माहीत हवं, नाहीतर 'काही फरक पडत नाही' म्हणून लोक अर्ध्यावर बाटली टाकतात. त्याचं काम एकच, उरलेल्या कुप्यांचा चाप बंद करणं. मघाशी कुपीतल्या दाबाबद्दल सांगितलं, ते आठवलं की बाकीच्या सूचना आपोआप समजतात. गोडं पाणी ओतलं तर बाहेरचं क्षार कमी झालेलं पाणी आत घुसायला जास्तच जोर करतं आणि कुप्या सुटतात. चोळल्याने, घासल्याने खटके दाबले जातात. घट्ट पट्टी बांधायची पद्धत पूर्वी होती, ती सोडून दिली, कारण दाबाने आणखी विष आत ढकललं जातं. डंखावर लघवी करण्याचा जो सल्ला जगभर फिरतो त्याला काहीही आधार नाही.

२०१४ मध्ये एक वेगळा मुद्दा पुढे आला. प्रयोगशाळेत असं दिसलं की आधीच सुटून गेलेल्या कुप्यांत थोडं विष शिल्लक असतं आणि व्हिनेगरमुळे ते बाहेर पडतं. लगेच 'व्हिनेगर घातक' अशा बातम्या आल्या. तो प्रयोग माणसांवर नव्हता, कृत्रिम पडद्यावर धागा ठेवून केलेला होता. प्रथमोपचाराच्या सूचना ठरवणाऱ्या ऑस्ट्रेलियाच्या पुनरुज्जीवन परिषदेने व्हिनेगरचा सल्ला कायम ठेवला, आणि मला तो हिशेब बरोबर वाटतो. न सुटलेल्या कुप्यांची संख्या फार मोठी असते आणि त्यांना थांबवणारं दुसरं इतकं सोपं, स्वस्त साधन किनाऱ्यावर नसतं. फक्त हा नियम सगळ्या जेलीफिशना लावू नये. ब्लूबॉटलच्या डंखाला ऑस्ट्रेलियात व्हिनेगर लावत नाहीत. तिथे पंचेचाळीस अंशांच्या आसपासच्या, सोसेल इतक्या गरम पाण्यात वीस मिनिटं तो भाग बुडवून ठेवतात.

प्रतिविषही आहे. १९७० पासून ते मिळतं, मेंढ्यांच्या रक्तातून बनवलेलं. पण ते किती उपयोगी पडतं यावर डॉक्टरांत मतभेद आहेत. मृत्यू पाच मिनिटांत येऊ शकतो आणि प्रतिविष तितक्यात शिरेपर्यंत पोचणं अवघड. २०१९ मध्ये सिडनी विद्यापीठातल्या संशोधकांनी वेगळ्या वाटेने शोध घेतला. मानवी पेशींतली जनुकं एकेक करून बंद केली आणि कुठलं जनुक बंद असताना पेशी विषातून वाचते ते पाहिलं. उत्तर निघालं कोलेस्टेरॉल. पेशीच्या आवरणात कोलेस्टेरॉल नसेल तर विषाला छिद्र पाडणं जमत नाही. कोलेस्टेरॉल ओढून घेणारं एक औषध आधीपासून उपलब्ध होतंच. उंदरांना विष दिल्यापासून पंधरा मिनिटांच्या आत ते दिलं तेव्हा त्वचा मरणं आणि वेदना, दोन्ही रोखता आलं. माणसाच्या थांबलेल्या हृदयाला ते वाचवेल का, हा पुढचा प्रश्न आहे.

फेब्रुवारी २०२१ मध्ये क्वीन्सलँडच्या उत्तर टोकाला, केप यॉर्कवरच्या बामागा भागात सतरा वर्षांच्या एका मुलाला पोहताना डंख झाला आणि काही दिवसांनी तो रुग्णालयात गेला. क्वीन्सलँडमधला पंधरा वर्षांतला तो पहिला मृत्यू होता. साधारण वर्षभराने त्याच राज्यात मॅकायजवळ आणखी एक किशोरवयीन मुलगा गेला. उत्तर क्वीन्सलँडच्या किनाऱ्यांवर आज लायक्राचे अंगभर सूट भाड्याने मिळतात, जीवरक्षकांच्या त्या मोज्यांचीच ही सुधारलेली आवृत्ती. आणि वाळू जिथे संपते तिथे ठरावीक अंतरावर खांब उभे असतात. त्यांच्यात व्हिनेगरची बाटली ठेवलेली असते. कुलूप नसतं, म्हणजे कुणालाही ती धावत जाऊन काढता येते.